सोनखताची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या नेकनूरच्या घरामागचा संडासाचा खड्डा रिकामा करायची वेळ आली. दोन खड्ड्यांचा संडास आहे. पहिला भरल्यावर वाट बंद करून दुसऱ्यात सोडली, त्याला तीन वर्षे होऊन गेली होती. आता दुसरा भरत आला होता, म्हणून पहिला मोकळा करायचा होता. शेतात रोजाने येणारे दोघेजण बोलावले. त्यांनी झाकणाकडे पाहिले आणि एकजण म्हणाला, "हे काम आपलं नाही, आण्णा. त्याची माणसं बीडला असतेत. त्यांना बोलवा."

'त्याची माणसं' म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आपल्याकडे हे न सांगता कळते.

झाकण आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. खड्डा जेमतेम साडेतीन फुटांचा. मीच खोरे घेतले आणि काठावर बसून उपसू लागलो. वर आली ती काळसर, कोरडी, भुसभुशीत माती. तिला वास होता, पण तो पहिल्या पावसानंतर रानाला येतो तसा. सात-आठ पाट्या निघाल्या. त्या परसातल्या सीताफळाच्या बुडाला टाकू लागलो तेव्हा आई म्हणाली, "घाल बाबा कुठं घालायची तिथं. पर त्या झाडाचं फळ माझ्या ताटात नको."

पाच माणसांच्या घराने काही वर्षे त्या खड्ड्यात जे टाकले, त्याची माती कोणी केली? ज्यांनी केली त्यांची ओळख माणसाला कधी झाली? आणि ती ओळख होऊनही हे काम 'त्यांच्या माणसांकडे'च का राहिले? या प्रश्नांच्या मागे लागून जे हाती आले, ते या लेखात मांडतो आहे.

उकिरड्याची वाफ

बालाघाटाच्या पठारावर थंडी बरी पडते. बंकटस्वामींच्या मठात काकडा चालू असतो, त्या वेळी गावाबाहेरच्या उकिरड्यांवरून वाफ निघताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. उकिरडा चांगला 'लागला' की नाही हे पाहायची जुनी रीत म्हणजे त्यात पहार खुपसून ठेवायची आणि थोड्या वेळाने उपसून हात लावायचा. पहार हाताला चटका देत असेल, तर खत होते आहे. गारच असेल, तर उकिरड्याला पाणी तरी कमी पडले किंवा हवा तरी.

ही ऊब जिवाणूंची. शेण, पाचट, राख, मैला यांतले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात, हवेतला प्राणवायू घेतात आणि त्या जाळण्यातून उष्णता बाहेर पडते. ढिगात पुरेशी हवा खेळत असेल, तर उष्णता साठ अंशांच्या पुढे जाते. सामान्य जिवाणू तिथे तग धरत नाहीत, मग उष्णताप्रिय जिवाणू काम हाती घेतात. ढीग निवू लागला की बुरशी आणि तंतुमय जिवाणू येतात. मातीचा तो ओळखीचा वास या तंतुमय जिवाणूंचा असतो. पटकीचे जंतू, जंतांची अंडी यांना ही उष्णता काही दिवस लागली, तर ती मरतात. म्हणजे उकिरड्यात अन्न शिजावे तसे काहीतरी होत असते, फक्त चूल दिसत नाही.

हवा मिळाली नाही, तर दुसऱ्या जातीचे जिवाणू काम करतात. तेही द्रव्य कुजवतात, पण सावकाश. उष्णता जवळजवळ नाही आणि बाहेर पडतात ते मिथेन, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू. नाक दाबायला लावणारी दुर्गंधी याच कामाची. हवेचे जिवाणू आणि बिनहवेचे जिवाणू, हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा. पुढची सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे.

शास्त्र ठाऊक नव्हते तेव्हाही व्यवहार ठाऊक होता. मराठीत मानवी मैल्याच्या खताला 'सोनखत' असा शब्द आहे. ज्याला शिवायचे नाही, त्यालाच सोने म्हणायचे! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे नगरपालिका मैला राख आणि केरात मिसळून, वाळवून विकत असे आणि आसपासचे ऊस बागायतदार तो विकत घेत. इंग्रज सरकारने पाठवलेले रसायनतज्ज्ञ व्होएल्कर यांच्या भारतीय शेतीवरील १८९३ च्या अहवालातही पुण्याच्या या खताचा विषय आहे. आमच्याकडे ओसाड गावठाणाची 'पांढरी' खणून माती गाडीने रानात नेत. शेकडो वर्षे माणसे-जनावरे राहिली, त्यांच्या मलमूत्राचे जमिनीतल्या जिवाणूंनी खत करून ठेवलेले, ते शेतकरी उचलत होता.

काचेची नळी आणि मँचेस्टरच्या बाटल्या

या कामामागे सजीव आहेत, हे सिद्ध व्हायला १८७७ साल उजाडावे लागले. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यूंट्झ या दोघांनी सुमारे मीटरभर लांबीची काचेची नळी वाळू आणि चुनखडीने भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस काहीच फरक दिसला नाही. नंतर खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. आपल्याकडे ज्याला शोरा म्हणतात, त्याच कुळीचे हे क्षार. हा बदल निव्वळ रासायनिक असता, तर पहिल्या दिवसापासून दिसायला हवा होता. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर काम थांबले. वाफ काढून ताज्या मातीचे थोडे पाणी घातले, तर पुन्हा सुरू झाले. ज्याला गुंगी येते ते सजीवच असणार. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

मग प्रश्न राहिला वेगाचा. मातीतून झिरपवून शहराचे सांडपाणी शुद्ध करायचे, तर एकरच्या एकर जमीन लागे. मँचेस्टरच्या डेव्हिहुल्म केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी गिल्बर्ट फाउलर यांच्या सूचनेवरून बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यात हवेचे बुडबुडे सोडले. पहिल्या खेपेला पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ एरवी कोणीही फेकून दिला असता. या दोघांनी तो ठेवला, वरचे पाणी ओतले आणि त्याच गाळावर नवे सांडपाणी घातले. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी चोवीस तासांच्या आत काम होऊ लागले. तो गाळ म्हणजे भुकेल्या जिवाणूंची वस्तीच होती. आपल्या घरातले विरजण तेच करते. कालचे थोडे राखून ठेवायचे, उद्याचे लवकर लागते. ३ एप्रिल १९१४ रोजी हा शोध मँचेस्टरच्या सभेत वाचला गेला. आज जगभर मोठ्या शहरांचे सांडपाणी बहुतांशी याच तत्त्वावर शुद्ध होते.

यातले फाउलर पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. हवा देऊन मैला शुद्ध करण्याचा विचार त्यांच्याबरोबर भारतात आला. पण बुडबुडे सोडायला यंत्र हवे, यंत्राला वीज हवी आणि मैला वाहून आणायला नळ आणि भरपूर पाणी हवे. खेड्यापाशी यातले काहीच नव्हते. खेड्यापाशी उकिरडा होता.

इंदूरचे वाड

होळकरांच्या इंदुरात, दरबाराने दिलेल्या जमिनीवर, १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती संशोधन संस्था उभी केली. तिथे त्यांनी उकिरड्याला शिस्त लावली. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, तीन फूट खोल खड्डे, पाचटाचे आणि शेणाचे थर, राखेची आणि मातीची भुरभुर, बेताचे पाणी आणि तीन वेळा उलथापालथ. सुरुवातीला ६५ अंशांपर्यंत चढलेली उष्णता हळूहळू उतरत जाते आणि नव्वद दिवसांत खत तयार होते. जगात 'इंदूर पद्धत' म्हणून गाजलेली ती हीच.

१९३१ साली यावर जे पुस्तक निघाले, त्याच्यावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर ओळखले जातात. संस्थेच्या रसायन विभागात काम करणाऱ्या वाडांची आठवण मात्र कोणी काढत नाही. आपल्या विषयासाठी वाडच अधिक महत्त्वाचे आहेत. हॉवर्ड इंदूर सोडून गेल्यावर जॅक्सन आणि वाड यांनी ही पद्धत माणसाच्या मैल्याला लावून पाहिली. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटण अशा तीन ठिकाणी केर आणि मैला यांचे थर रचून खत केले. १९३४ साली त्यांची पत्रिका प्रसिद्ध झाली. त्यातले मर्म सोपे होते. मैला पातळ थरात पसरायचा, केराने झाकायचा, ढिगात हवा खेळती ठेवायची. मग दुर्गंधी नाही, माशा नाहीत, रोगजंतू उष्णतेने मरतात आणि हाती उत्तम खत येते.

इतके सगळे साधले असताना ही पद्धत गावोगाव का गेली नाही? याचे उत्तर मला बंगळूरच्या दुसऱ्या एका पद्धतीत सापडले. १९३९ साली सी. एन. आचार्य यांनी मांडलेल्या त्या पद्धतीत थर रचून वरून मातीने लिंपून टाकायचे आणि पाच-सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ हात लावायचा नाही. उष्णता कमी, वेळ जास्त. तरी नगरपालिकांना तीच परवडली, कारण तिच्यात ढीग उलथावा लागत नाही.

जिवाणूंना हवा हवी आणि हवा द्यायची तर कोणीतरी दाताळे घेऊन ढिगापाशी उभे राहायला हवे. कोणी उभे राहायचे? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टोपलीतून मैला वाहिला, तेच. इंदूर पद्धतीने दुर्गंधीचा प्रश्न सोडवला, रोगाचा सोडवला, खताचा सोडवला. जातीचा प्रश्न तिच्या हद्दीबाहेरच राहिला. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ नव्हे, तर वेगळ्याच माणसाची गरज होती.

कणकवलीचे अप्पा, देहूचे डॉक्टर

अप्पासाहेब पटवर्धन, जन्म १८९४, 'कोकणचे गांधी'. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाचे म्हणणे. अप्पांनी अन्न सोडायला सुरुवात केली आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. सरकारने पुनर्विचार करण्याचे मान्य केल्यावर तो लवकरच सुटला. एका माणसाला मैला उचलण्याची परवानगी मिळावी म्हणून दोन तुरुंगांत उपवास झाले, ही आपल्या इतिहासातली फार मोठी घटना आहे. पाठ्यपुस्तकात तिला जागा नाही.

अप्पा नुसते सफाई करून थांबले नाहीत. स्वातंत्र्यानंतर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचीच रचना बदलायला घेतली. त्यांच्या विचाराचा गाभा असा: मैला ताजा असताना कोणाला हलवावाच लागू नये. दोन कप्पे करा. एक वापरात, दुसरा बंद. वापरताना माती-पालापाचोळा टाका. बंद कप्प्यात काही महिने जिवाणूंना त्यांचे काम करू द्या. नंतर जे निघेल ते खत असेल आणि खत काढायला कोणत्याही जातीच्या शेतकऱ्याला लाज वाटायचे कारण नाही. 'गोपुरी संडास', 'सोपा संडास' अशी त्यांची साधी नावे होती. वाडांनी जे काम दाताळ्याकडे सोपवले, ते अप्पांनी काळाकडे सोपवले. काम थोडे सावकाश होते, पण मधला माणूस सुटतो.

त्याच काळात, १९४९ साली, मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली होती. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद व्हावी, असे तिने सांगितले. कागदावर ते मान्य झाले. कायदा यायला १९९३ साल लागले आणि तोही अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला.

अप्पांचा धागा पुढे नेला डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी. १९६० च्या सुमारास ते देहूच्या आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर म्हणून आले. तुकोबांच्या गावात इंद्रायणीकाठ घाण झालेला आणि दवाखान्यात येणाऱ्यांच्या पोटात जंत. औषध द्यावे, तर महिन्याभरात तोच रोगी पुन्हा दारात. डॉक्टरांनी संडास बांधायचे मनावर घेतले. पहिले काही पहिल्याच पावसाळ्यात खचले आणि गावाचा रोष त्यांच्या वाट्याला आला. मग ते अप्पांकडे शिकायला गेले. पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यांनी देहूत एकेक घर करीत काम केले. मैल्यावर चालणाऱ्या गोबरगॅस संयंत्राची 'मलप्रभा' ही रचनाही त्यांचीच. २०१५ साली ते गेले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आमच्याकडे काय झाले

२००० साली महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि मराठवाड्याच्या गावांतही संडास दिसू लागले. नंतर केंद्राच्या योजना आल्या. सरकारी नकाशा दोन खड्ड्यांचाच होता: साधारण मीटरभर खोली, जाळीची वीट आणि तळ मोकळा, म्हणजे पाणी मातीत मुरते. वापरातल्या ओल्या खड्ड्यात बिनहवेचे जिवाणूच जास्त असतात. खड्डा बंद केल्यावर पाणी आटते, जाळीतून आणि भोवतालच्या मातीतून हवा शिरू लागते आणि मग हवेचे जिवाणू, बुरशी, किडे उरलेले काम तडीस नेतात. खड्डा उथळ ठेवण्याचे कारणही हेच. हवेचे जिवाणू जमिनीच्या वरच्या थरातच दाट असतात. खाली मुरूम आणि खडक लागला की त्यांची वस्ती विरळ होते.

आमच्या भागात मी जे पाहिले ते निराळे. एक तर दुष्काळ. २०१२-१३ आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, तेव्हा संडासात कडबा आणि सरपण भरलेले दिसे. पाणी परत आले तेव्हा ज्यांना ऐपत होती, त्यांनी दोन खड्डे नको म्हटले. "एकच खोल घ्या, पुढच्या पिढीपर्यंत भरायला नको." कुठे दहा, कुठे पंधरा फूट. तळ खडकाच्या फटींपर्यंत गेला की मैल्याचे पाणी मातीला चुकवून सरळ बोअरच्या वाटेला लागते. दुसऱ्यांनी सिमेंटची बंद टाकी केली. बंद टाकी म्हणजे बिनहवेच्या जिवाणूंचे घर. ती कधीतरी भरतेच.

भरण्याची एवढी भीती कशाची? घाणीची नाही. घरोघर जनावरे आहेत, आठवडी बाजारात गुरांच्या दावणीतून आम्ही सगळे चालतो, शेण हाताने उचलतो. भीती एका प्रश्नाची आहे: भरल्यावर काढणार कोण? त्याचे उत्तर नको म्हणून खड्डा खोल होत जातो.

आणि शेवटी माणूस आत उतरतो. बंद टाकीतला हायड्रोजन सल्फाइड नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. दरवर्षी अशा बातम्या येतात आणि मेलेल्यांची आडनावे बहुधा त्याच वस्त्यांतली असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच सगळे आले.

नीट पाहिले तर हा प्रवास उलटा आहे. जिवाणूंना हवा मिळावी म्हणून वाडांनी ढिगापाशी माणूस उभा केला. अप्पांनी हवा आणि माती ठेवून माणूस सोडवला. आम्ही टाकी बंद करून हवा काढून टाकली आणि माणूस पुन्हा आत पाठवला. सिमेंट वाढले म्हणजे सुधारणा झाली, अशी आमची समजूत आहे.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, असे आपण म्हणतो. शोधायला गेलो तर खड्ड्याच्या बाबतीत तेवढीही वाट पाहावी लागत नाही. दीड-दोन वर्षे तो कोरडा राहू दिला की काम होते. वाट पाहायची ती खड्ड्याची नाही, आपल्या मनाची.

गेल्या वर्षी पावसाळा बरा झाला. परसातले सीताफळ फळांनी वाकले होते. बीडचे सीताफळ आता भौगोलिक मानांकनामुळे लांबवर ओळखले जाते. आमच्या झाडाची फळे शेजारीपाजारी गेली, त्या रोजाने येणाऱ्या दोघांनीही पिशवी भरून नेली. माती कुठली होती, हे त्यांना ठाऊक होते. आईने मात्र शब्द पाळला, एकही फळ खाल्ले नाही. फक्त बी वेगळे काढून तिने राखेत घोळून वाळत घातले. कशाला, म्हणून विचारले तर म्हणाली, "झाड चांगलं हाय."

दुसरा खड्डा यंदा उघडायचा आहे. त्या दोघांतल्या धाकट्याने परवा आपण होऊन विचारले, "आण्णा, औंदा माती काढायची का?" त्याने 'माती' म्हटले. मी त्याला काठावर शेजारी बसवणार आहे, एक खोरे त्याचे आणि एक माझे.